कासव तळाशीच का जातं?

"ऑगस्टिन लाऊ! ज्याच्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नाही, ज्याच्या नुसत्या नावानं पेराक राज्यातले चोर झोपेत दचकून उठतात, आणि ज्याचा मेंदू म्हणजे..." इथं तो अडखळला. "मेंदू म्हणजे काय लिहू या गं, आ-मोय?"

"रिकामी जागा सोड," मी टाईप करता करता म्हणाले. "सापडला की भरू."

त्यानं मान डोलावली. पत्रकं तशीच छापली गेली: 'ज्याचा मेंदू म्हणजे' आणि पुढं ठिपके. लोकांना वाटलं, बक्षीस असलेलं कोडं आहे. दोघातिघांनी जागा भरून पत्रकं परत आणून दिली. ती उत्तरं इथं लिहिण्यासारखी नाहीत, पण एकही चुकीचं नव्हतं.

हा माझा थोरला भाऊ. मी त्याला को-को म्हणते, आणि राग आला की काहीच म्हणत नाही. इपोहच्या जुन्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या मोठ्या यंत्रामागं कपाटाएवढी जागा उरते, तिला को-को 'मुख्य कचेरी' म्हणतो. मुख्य म्हटल्यावर कुणालाही वाटेल, इतरही असतील. नाहीत. मुख्य कचेरीत एक खुर्ची, एक टेबल आणि एक विजेची किटली आहे. ती किटली दिवसभर उकळत असते, कारण को-कोला विचार करायला चहा लागतो, आणि विचार न करायला त्याहून जास्त लागतो.

आजवरच्या त्याच्या गाजलेल्या केसेस दोन. एक हरवलेलं मांजर, ते आपल्या पायानं घरी आलं. दुसरी चर्चमधून चोरीला गेलेली छत्री, ती शोधायला हा भर पावसात जी छत्री घेऊन निघाला, तीच ती होती.

तर अशा या महापुरुषाकडं एका दुपारी पाक हमदान आले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, आवाज इतका मऊ की यंत्र बंद केल्याशिवाय ऐकू येईना. मागं त्यांची बायको, काक सोम. हिच्यासाठी मात्र यंत्र बंद करायची गरज नव्हती.

पाक हमदाननी कापडात गुंडाळलेली एक डबी टेबलावर ठेवली. "एन्चिक लाऊ," ते अदबीनं म्हणाले, "माझं कासव तळाशी जातं."

को-कोनं डोळे बारीक केले. "विहिरीच्या की तळ्याच्या?"

"पत्त्यांच्या."

को-कोनं माझ्याकडं पाहिलं. त्याला काही कळलं नाही की तो माझ्याकडं पाहतो, आणि मग 'माझ्या सहायकाला समजावून सांगा' असं म्हणतो. मला आधीच माहीत होतं. समोरच्या कॉफीच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर बॉस कितचं पत्त्यांचं दुकान आहे. दर रविवारी तिथं चांगली नोकरी-धंदा करणारी मोठी माणसं जमतात आणि 'वज्रद्वीप' खेळतात. राक्षस, जादूगार, जळते पक्षी असलं सगळं त्या पत्त्यांवर असतं. प्रत्येकानं हजारो पत्त्यांतून आपल्या पसंतीचे साठ निवडायचे आणि घरून आपला डेक बांधून आणायचा. त्यात सम्राट, म्हणजे सगळ्यांत मोठा पत्ता, एकच. पत्ते पिसायचे, समोरच्यानं ते कापायचे आणि मग वरून एकेक उचलत लढायचं. सगळी गंमत डेक बांधण्यात. कुठले साठ घेतले, त्यावरून माणूस कळतो.

म्हणजे पूर्वी कळायचा. आता कुठंतरी परदेशात कुणीतरी स्पर्धा जिंकतो, त्याची यादी इंटरनेटवर येते आणि आठवड्याच्या आत सगळं इपोह तोच डेक बांधून मोकळं होतं. बॉस कितकडं वीसेक माणसं बसतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचा सम्राट एकच, अग्निगरुड. आणि तरी प्रत्येकजण आपला डेक हातानं असा झाकून बसतो, जणू शेजारचा कॉपी करेल. अरे बाबांनो, शेजाऱ्याच्या हाताखाली तरी दुसरं काय आहे?

पाक हमदान तेवढे वेगळे. त्यांचा सम्राट, निद्रिस्त महाकासव. या कासवाला कुणी कुत्रं विचारत नाही, कारण ते पटावर आलं तरी जागं व्हायला फार वेळ घेतं. पण पाक हमदाननी रात्रंदिवस डोकं चालवून त्याच्याभोवती डेक बांधला होता. शत्रूचे पाय अडकवायला समुद्रशेवाळ, वेळ काढायला भरती-ओहोटी, कासवाला हाका मारायला म्हातारे कोळी. एकदा का ते उठलं, की त्याच्या पाठीवर अख्खं बेट उभं राहतं आणि समोरच्याचा गरुड भिजून चिंब.

"कल्पना माझी आहे," पाक हमदान म्हणाले, आणि लाजले. "कुठून उचललेली नाही. पण वर्ष झालं, कासव एकदाही हातात आलं नाही. डाव संपल्यावर डेक उलटा करून बघतो, तर हे तळाशी. अगदी शेवटचा पत्ता. युवराज म्हणतो, अंकल, तुमचं कासव तळमजल्यावर भाड्यानं राहतंय का?"

युवराज म्हणजे बँकेत कर्ज विभागात बसतो तो. इथला विजेता. समोरच्याला 'नाही' म्हणायची सवय त्याला कामामुळंच लागलेली आहे.

"येत्या रविवारी शेवटचं खेळणार," पाक हमदान म्हणाले. "उठलं तर उठलं. नाहीतर डेक मोडतो. आपल्या डोक्यात तेवढी ताकद नाही असं समजायचं आणि घरी बसायचं."

"घरी बसायचं?" काक सोम पुढं आल्या. "निवृत्त झाल्यावर हे दोन महिने घरी बसले होते, एन्चिक. मी कांदा चिरायला घेतला की शेजारी येऊन उभे. 'थोडा बारीक नाही का होणार?' माझ्या मसाल्याच्या बरण्या यांनी उंचीनुसार लावल्या. उंचीनुसार! हळद शोधायला मला तासभर लागला. मग हे पत्ते आले आणि माझ्या घरात देव आला. तुम्ही त्या कासवाला उठवा. नाहीतर मी उठेन, आणि मग तुम्हाला दुसरी केस मिळेल."

को-को उभा राहिला. "बाई, उद्यापासून तुमच्या नवऱ्याचं कासव माझं कासव!"

"नेऊ नका हो कायमचं," पाक हमदान घाबरून म्हणाले.

डेक 'पुरावा' म्हणून ठेवून घेतला गेला. को-कोनं तो मुख्य कचेरीतल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवला, म्हणजे किटलीच्या मागं. मी म्हणाले, "बघू तरी एकदा ते कासव."

"हात लावू नकोस!" तो ओरडला. "ठसे उमटतील. आणि लक्षात ठेव आ-मोय, खरा गुप्तहेर पत्ते तपासत नाही, माणसं तपासतो. पत्ता कधी खोटं बोलतो का?"

"माणूसही खरं बोलतो कधी कधी. त्या युवराजला सरळ विचारून बघ ना."

"विचारायचं?" त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "मग तपास कशाला म्हणायचं?"

पहिला सिद्धांत दुसऱ्या दिवशी सकाळी, भाताच्या लापशीबरोबर आला. युवराजच्या बोटात अंगठी आहे. पाक हमदानचं कासव हे साधं कासव नाही, चकचकीत आहे. खास छापलेले काही पत्ते आरशासारखे चमकतात आणि महाग असतात, त्यातलं. निवृत्तीच्या वेळी ऑफिसनं दिलेलं घड्याळ विकून पाक हमदाननी ते घेतलं होतं. "चकाकी म्हणजे धातू," को-को म्हणाला. "अंगठी म्हणजे लोहचुंबक. कापताना तो कासवाला खाली खेचतो!"

त्यानं माझ्या फ्रिजवरचा चुंबक काढून डेकवर फिरवला. काही हललं नाही. उलटा फिरवला. तरी नाही.

"झालं?" मी म्हणाले.

"झालं! याचा अर्थ ते अत्यंत गुप्त प्रकारचं लोहचुंबक आहे. जे ओढत नाही."

मी माझ्या गिऱ्हाईकाच्या पासपोर्टच्या प्रती काढायला घेतल्या.

दुसऱ्या सिद्धांतासाठी त्याला शत्रूच्या गोटात शिरायचं होतं. त्यासाठी स्वतःचा डेक हवा. दोन तास बॉस कितच्या दुकानात बसून त्यानं तो बांधला आणि छाती काढून मला दाखवायला आणला. साठच्या साठ पत्ते सेनापती. एकाहून एक दाढीवाले, तलवारवाले, घोड्यावरचे. मी खेळत नाही, पण दुकानात लोकांच्या याद्या छापून छापून मला एवढं कळतं, की सैन्याला पोसायला शेतं, विहिरी, धान्याची कोठारं असलेले पत्तेही लागतात.

"को-को, यांना जेवायला कोण घालणार?"

"हे वीर आहेत, आ-मोय. वीर जेवण मागत नाहीत."

त्या संध्याकाळी साठ सेनापती उपाशीपोटी हातातल्या हातात बसून राहिले आणि को-को एकही पत्ता न टाकता हरला. सलग पाच वेळा. परत येऊन म्हणाला, "मुद्दाम हरलो. कुणाला संशय यायला नको." आला नाही. कुणाला कसलाच संशय आला नाही, एवढं मी छातीठोक सांगते.

पण तिथून तो एक 'धागा' घेऊन आला. युवराज मृदंग वाजवतो! म्हणजे त्याची बोटं तयार. डाव्या करंगळीचं नख वाढवलेलं. त्या नखानं तो कासव खाली सरकवतो. "केस सुटली," को-को म्हणाला, आणि रविवारसाठी एक नेलकटर विकत घेतला.

रविवारी आम्ही सगळे जिना चढून वर गेलो. बॉस कितचं दुकान म्हणजे एक पंखा, दोन खिडक्या, आणि दिवसभर दमट अंगाला चिकटणारी हवा. कोपऱ्यातल्या टेबलावर पाक हमदान आणि युवराज समोरासमोर बसले. पाक हमदाननी आपला डेक को-कोकडून परत घेतला, कपाळाला लावला आणि पिसला. युवराजनं कापला. काक सोम पाठीमागं हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होत्या. बहुधा बरण्यांची नावं.

डाव सुरू झाला. शेवाळ आलं, भरती आली, ओहोटी आली. म्हातारे कोळी आले आणि कासवाला हाका मारमारून त्यांचा घसा बसला. कासव काही आलं नाही. गरुडानं सगळं जाळून टाकलं. पाक हमदाननी उरलेला डेक हळूच उलटा केला.

तळाशी कासव.

"भाडं वाढवा अंकल," युवराज म्हणाला. सगळे हसले. पाक हमदानही हसले, पण त्यांचा खालचा ओठ थरथरताना मी पाहिला आणि मला इतका राग आला, की त्या युवराजच्या नाकावर एक ठेवून द्यावीशी वाटली.

तेवढ्यात को-को खुर्चीवर चढला. "थांबा! कुणी जागचं हलायचं नाही! गुन्हेगार याच खोलीत आहे!"

"लाऊ, खुर्ची प्लास्टिकची आहे," बॉस कित म्हणाला. तो दुकानदारही आणि पंचही. "खाली उतर आणि बोल."

को-को उतरला आणि बोलला. चुंबक, मृदंग, नख. नेलकटर पुढं केला. युवराजनं दोन्ही हात टेबलावर पसरले. करंगळीचं नख तुटलेलं होतं, बुधवारीच, मोटारसायकलच्या साखळीत.

"पुरावा नष्ट केला!" को-को गरजला.

"अय्यो, बॉस," युवराज पिसाळला. "मला चोर म्हणतोय हा! सिद्ध करायला लावा, नाहीतर माफी मागायला लावा."

"सिद्ध कर," बॉस कित म्हणाला.

"करतो! युवराजच्या जागी कुणी निःपक्ष माणूस कापू दे. कासव तळाशी जाणार नाही. बॉस, तुम्ही कापा."

पाक हमदाननी पिसलं. बॉस कितनं कापलं. डेक उलटा केला. तळाशी कासव.

खोलीत कुजबुज झाली. को-को दोन पावलं मागं सरकला. "बॉस कित... तुम्हीसुद्धा? किती दिवसांपासून आहात या टोळीत?"

"जीभ आवर," बॉस म्हणाला.

"बरं, मग दुसरं कुणीतरी. काक सोम, तुम्ही! तुम्ही तर हातात पत्ता धरलेला नाही कधी."

काक सोमनी कापलं. कासव तळाशी. परत पिसलं, परत कापलं. कासव तळाशी. को-कोच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज पसरलं. ते पसरलं की मी आधी दार कुठं आहे ते बघून ठेवते.

"आता सगळं उघड झालं!" तो म्हणाला. "बायको! घरचा भेदी! नवरा घरी बसावा म्हणून हिनंच..."

"घरी बसावा म्हणून?" काक सोमचा आवाज खालच्या कॉफीच्या दुकानापर्यंत गेला असेल. "मेल्या, मी नमाजाला बसते तेव्हा मागणं मागते, की हे घराबाहेर राहू देत! तू काप. तूच काप बघू!"

को-कोनं बाह्या सावरल्या, डोळे मिटले आणि कापलं. तळाशी कासव.

को-कोनं आपला हात उलटसुलट करून पाहिला. मग खोल आवाजात म्हणाला, "माझ्या कॉफीत काहीतरी घातलं गेलंय."

"कॉफीत नाही, तुझ्या डोक्यात घालायचं राहिलंय," काक सोम म्हणाल्या. "अरे, या गठ्ठ्यातच खाच आहे. बोट आपोआप तिथंच जातं. मघाशी दोन्हीदा माझं तिथंच गेलं. हे बघ."

त्यांनी नवऱ्याला डेक पुन्हा पिसायला लावला आणि आडवा धरला. मधोमध एक बारीक फट. त्यांनी फटीच्या वरचा पत्ता काढून टेबलावर ठेवला. निद्रिस्त महाकासव. ते टेबलावर टेकेचना. चारी कडा वर, मध्य खाली, बोटानं टिचकी मारली की होडीसारखं डुलत राही.

"केरोपोक झालाय याचा," काक सोम म्हणाल्या. तळलेली माशाची पापडी वळते ना, तसं.

आमच्या हवेत चकचकीत पत्ते वळतात. एका बाजूला चकाकीचा थर, दुसऱ्या बाजूला कागद. कागद दमट हवा पितो, चकाकी पीत नाही. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण एवढ्यावर कुणाचं डोकं चाललं नव्हतं. कासव वळलेलं, म्हणून त्याच्या खाली फट. कापणाऱ्याचं बोट फटीत शिरणार, वरचा गठ्ठा उचलणार, खाली ठेवणार आणि खालचा त्याच्यावर ठेवणार. उचललेल्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली कोण? कासव. वर्षभर इपोहमधली झाडून सगळी माणसं कासवाला इमानदारीनं तळाशी पोचवत होती. त्यात आमच्या मुख्य कचेरीतल्या किटलीनं आठवडाभर वाफेचा शेक दिलेला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण खरोखरच वाकडं निघालं.

पाक हमदान कासवाकडं बघत म्हणाले, "म्हणजे... माझी कल्पना चुकीची नव्हती?"

"कल्पनेचं नंतर," बॉस कित ओशाळून म्हणाला. "पाक, नियम असा आहे, की वळलेला पत्ता म्हणजे खूण केलेला पत्ता. ज्याच्या डेकमध्ये सापडेल तो बाद. आणि लाऊनं सगळ्यांसमोर तक्रार केलीय, मला डोळेझाक करता येत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. को-कोनं आपल्याच अशिलाला पकडून दिलं होतं. काक सोमनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो माझ्यामागं येऊन उभा राहिला.

युवराजनंच घसा खाकरला. "जाऊ दे बॉस. स्वतःचंच कासव बुडवणाऱ्याला फसवणूक कसली म्हणायची? साधं कासव घालू दे आणि परत खेळू. मला कुणी म्हणायला नको, युवराज झोपलेल्या कासवाशी जिंकला."

तेवढ्यापुरता तो मला बरा वाटला. पण साधं, बिनचकाकीचं महाकासव आणायचं कुठून? कुणी वापरत नाही, म्हणून कुणी ठेवत नाही. बॉस कितनं भंगार पत्त्यांची खोकी उलटीपालटी केली. नाही. को-को म्हणाला, "चोरीला गेलं असणार." मघाच्या गोंधळात त्याच्या धक्क्यानं सेनापती खाली सांडले होते, ते वेचायला मी टेबलाखाली वाकले. त्या कोपऱ्यातल्या टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पाचर म्हणून पत्त्यांची चळत सरकवलेली. सगळ्यात वरच्या पत्त्यावर धुळीतून दोन मिटलेले डोळे दिसत होते.

मी ओढून काढलं. मळकं, पण कितीतरी दिवस टेबलाच्या ओझ्याखाली राहिलेलं. त्याच्याइतकं सपाट काही मी जन्मात पाहिलं नाही. पाक हमदाननी शर्टाच्या टोकानं पुसलं, बाकीच्या पत्त्यांसारख्याच, मागून रंगीत असलेल्या कव्हरात घातलं, डेकमध्ये मिसळलं. युवराजनं कापलं. टेबल डुगडुगायला लागलं होतं, तसंच डुगडुगत डाव सुरू झाला.

कासव आलं. शेवाळानं गरुडाचे पाय धरले, कोळ्यांनी हाका मारल्या आणि कासवानं डोळे उघडले. पाक हमदान ताडकन उभे राहिले. "उठलं! सोम, बघ, उठलं!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. काक सोम म्हणाल्या, "बघतेय, बघतेय, रडू नका, पत्ते भिजतील." आणि स्वतः डोक्यावरच्या ओढणीनं डोळे पुसत होत्या. तो डाव पाक हमदान जिंकले. पुढचे दोन हरले, पण त्याचं त्यांना भानच नव्हतं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण मग आमचं गाव ते आमचं गाव कसलं?

पुढच्या रविवारी स्पर्धा होती. वर गेलो, तर सगळे नेहमीसारखे डेक हातानं झाकून बसलेले. पाक हमदान पहिल्या टेबलावर बसले, तर समोरच्याचा सम्राट निद्रिस्त महाकासव. दुसऱ्या टेबलावरही तेच. गरुड सगळे खोक्यात गेले होते. समुद्रशेवाळ, भरती, म्हातारे कोळी, पाक हमदाननी रात्री जागून जुळवलेले साठच्या साठ पत्ते जसेच्या तसे. आणि जो तो म्हणत होता, "मला आधीपासून वाटायचं, कासवात दम आहे."

"चोरी!" को-को माझ्या कानात म्हणाला. "कल्पनेची चोरी! चोर कोण?"

"सगळे," मी म्हणाले.

"इतके संशयित? मग बिल मोठं होईल."

पाक हमदानचा चेहरा पडला होता. "एवढी एकच गोष्ट माझी होती," ते बायकोला म्हणाले. काक सोमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "खेळा गप्प."

मात्र एक फरक होता. सगळ्यांची कासवं चकचकीत होती. बॉस कितनं खास क्वालालंपूरहून मागवली होती आणि एका आठवड्यात संपवली होती. मळकं साधं कासव घेऊन विजेत्यासारखं कसं दिसणार?

पाक हमदान भला माणूस. दर डावाआधी समोरच्याला सांगत, "बाबा, तुझं वळलंय. साधं घाल." लोक हसत. अंतिम डावात युवराज म्हणाला, "अंकल, जळू नका. माझं दुहेरी कव्हरात आहे, वळायची बिशाद नाही." पाक हमदाननी बॉस कितकडं पाहिलं.

"माझ्याकडं बघू नका," बॉस कित म्हणाला. "दारातून बाहेर पडेपर्यंत सरळ होती, एवढीच माझी हमी. कुणाची तक्रार आहे?"

तक्रार कोण करणार? सगळ्यांचीच तशी. पाक हमदाननी सुस्कारा सोडला, हात पुढं केला आणि नियमाप्रमाणे कापलं. बोट आपोआप जिथं जायचं तिथं गेलं.

त्या दिवशी इपोहमधली झाडून सगळी चकचकीत कासवं तळाशी झोपून राहिली. उठलं ते एकच, टेबलाखालचं.

को-कोनं लगेच नवं पत्रक काढायला लावलं: 'कासव प्रकरणाचा यशस्वी छडा लावणारे'. मेंदूपुढचे ठिपके मी तसेच ठेवले आहेत. आता ते शोभतात.

पहिलं बक्षीस होतं शहरातला सगळ्यात मागणी असलेला पत्ता, एक कोरं, चकचकीत निद्रिस्त महाकासव. बॉस कितनं ते दोन्ही हातांनी दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हेवा केला, फोटो काढले. पाक हमदाननी ते उजेडात धरून एकदा नीट पाहिलं. मग त्याची घडी घातली. पुन्हा एक घडी घातली. ते गुडघ्यावर बसले, आणि कोपऱ्यातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली त्यांनी ते नीट सरकवून दिलं.

"आठवडाभर डुगडुगतंय," ते म्हणाले. "माझ्यामुळंच."

मी हात ठेवून पाहिलं. टेबल अगदी स्थिर होतं.